आकाशनिरीक्षणाची वही: काय लिहिता, कशी ठेवता?

उत्तररात्र | शनि, रात्री 10.05

मंडळी, पाऊस परतला की आपल्याकडे आकाश बघायचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर दर अमावास्येला लोक गाड्या काढून शहराबाहेर जातात, दुर्बिणी लागतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पडतात. पण महिन्याभराने विचारा, त्या रात्री देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसली होती का? किती वाजता? आकाश कसं होतं? कोणाकडेच उत्तर नसतं, कारण कोणी लिहून ठेवलेलं नसतं. मला हे फार खटकतं, म्हणून हा धागा.

मी साताऱ्याजवळ राहते. साधन एवढंच की 10×50 ची बायनॉक्युलर आणि गच्ची. बघते ते मुख्यतः रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं असे. या ताऱ्यांच्या बाबतीत नोंद हेच सगळं काम आहे. एका रात्रीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. असे आकडे वर्षानुवर्षं साठले की त्यातून ताऱ्याचा आलेख उभा राहतो.

माझ्या नोंदीत काय असतं ते सांगते. तारीख नेहमी जोडून: 14-15 नोव्हेंबरची रात्र. मध्यरात्रीनंतर नुसतं '15' लिहिलं की वर्षभराने ती पहाट होती की संध्याकाळ, हे कळायला मार्ग उरत नाही. वेळ घड्याळाची, आणि शेजारी जागतिक वेळ, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. 15 तारखेच्या पहाटेचे 2.10 म्हणजे जागतिक वेळेने 14 तारखेचे 20.40. बाहेर कुठेही नोंद पाठवायची तर हीच वेळ लागते. मग जागा, साधन, चंद्र होता का, ढग किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा दिसत होता. प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते. परदेशी पुस्तकांत यासाठी ध्रुवमत्स्यातले, म्हणजे ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकासमूहातले, तारे मोजायला सांगतात. ते त्यांच्या अक्षांशाला ठीक. आपल्याकडे ध्रुव जेमतेम 18-19 अंश वर, धुरकट क्षितिजालगत, आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाकीचं ध्रुवमत्स्य त्याच्याही खाली. तिथे मोजलेली प्रत डोक्यावरच्या आकाशाला कशी लागू होणार? त्याऐवजी महाश्वाचा, म्हणजे पेगासस तारकासमूहाचा, चार ताऱ्यांचा चौकोन घ्या. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी तो जवळजवळ खमध्याशी, म्हणजे थेट डोक्यावर, असतो. चौकोनाच्या आत एकही तारा दिसत नसेल तर तुमचं आकाश 4.4 प्रतीपर्यंतही पोचत नाही. आतले अप्सिलॉन आणि टाऊ (ही ताऱ्यांना दिलेली ग्रीक अक्षरं) हे दोन दिसले तर 4.6 पर्यंत आलात. पुढचे तारे नकाशावर बघून एकेक करत जा.

लिहायचं पेन्सिलने. दवाने कागद ओला होतो, शाई फुटते, पेन्सिल टिकते. उजेड लाल आणि मंद. आणि लिहायचं तिथल्या तिथे. घरी येऊन आठवून लिहिलेल्या नोंदीत आपण नकळत पुस्तकातलं आकाश उतरवतो. त्याच कारणासाठी ताऱ्याचं अपेक्षित तेज आधी बघू नका. आकडा डोक्यात शिरला की डोळा तोच आकडा शोधतो.

आणि एक: वहीत खाडाखोड नको. जुळत नाही म्हणून काही पुसू नका. 1795 च्या मे महिन्यात पॅरिसला मिशेल लालांद तारासूचीसाठी ताऱ्यांच्या जागा मोजत होता. 8 मेला नोंदवलेला एक तारा 10 मेला त्याच जागी सापडला नाही. त्याने पहिली नोंद चुकीची मानली. छापील सूचीत फक्त 10 तारखेची जागा गेली, तीही संशयाची खूण करून. नेपच्यूनचा शोध लागला 23 सप्टेंबर 1846 ला, बर्लिनमध्ये. त्यानंतर त्याची कक्षा मागे मोजत गेलेल्यांना शंका आली, लालांदची मूळ हस्तलिखित वही काढली, आणि 8 मेची नोंद तिथे जशीच्या तशी होती. तो 'तारा' दोन दिवसांत नेपच्यून सरकेल तेवढाच सरकला होता. ग्रहाला सूर्याभोवती फिरायला 165 वर्षं लागतात. अशा ग्रहाच्या 51 वर्षं जुन्या दोन जागा एकदम हाती आल्या. छापील पुस्तकाने गाळलेली नोंद वहीने राखली होती.

तुम्ही वही कशी ठेवता, सांगा. नव्याने सुरू करणाऱ्यांनी बेधडक विचारा.

मुग्धा_के | शनि, रात्री 11.20

लेख फार आवडला, ताई. मी ठाण्यात राहते. गॅलरीतून पूर्वेचा आणि थोडा दक्षिणेचा तुकडा दिसतो, तोही नारिंगी उजेडातला. महाश्वाच्या चौकोनाचे चार कोपरे दिसले तरी मला आनंद होतो. अशा ठिकाणाहून केलेल्या नोंदीचा कोणाला काही उपयोग आहे का?

उत्तररात्र | शनि, रात्री 11.48

मुग्धा, नक्की आहे. डिसेंबरपासून तुझ्या पूर्वेला संध्याकाळी मृग वर येईल. त्यातला तांबूस तारा काक्षी, म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा तारा, रूपविकारी आहे आणि शहरातून आरामात दिसतो. एरवी तो अर्ध्या प्रतीच्या आसपास असतो. 2019 च्या अखेरीस तो मंदावायला लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 पर्यंत उतरला, म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सएवढा. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून धूळ तयार झाली आणि ती आपल्या बाजूला आड आली, असं पुढे समजलं. हे मंदावणं नुसत्या डोळ्यांनी कळत होतं, आणि ज्यांच्या वहीत आधीच्या हिवाळ्यांचे आकडे होते त्यांना ते सर्वांत आधी कळलं.

तुलनेला रोहिणी (0.9), प्रश्वा (0.4) आणि पुनर्वसूतला पोलक्स (1.1) घे. दोन पथ्यं पाळ. तुलनेचे तारे साधारण सारख्या उंचीवर आले की मगच बघ, कारण क्षितिजाजवळची हवा तेज खाते. आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघू नकोस, तो हळूहळू जास्त तेजस्वी वाटायला लागतो. झटकन नजर टाकायची, तुलनेच्या ताऱ्याकडे न्यायची, परत आणायची.

सारथी | रवि, सकाळी 8.15

एक वेगळं मत मांडतो. कागदी वहीचा आग्रह कशाला? मोबाईलमध्ये वेळ सेकंदापर्यंत अचूक, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप, वर सगळं शोधता येतं. मी सरळ एक्सेलची शीट ठेवतो. मागच्या सगळ्या गुरू-निरीक्षणांतून 'हवा स्थिर होती' अशा रात्री निवडायच्या तर दोन क्लिकमध्ये निघतात. वहीत पानं उलटत बसावं लागतं. आणि भिजली किंवा हरवली की संपलं.

खमध्य | रवि, सकाळी 9.02

सारथी यांच्याशी अर्धा सहमत. साठवायला संगणकच बरा. पण अंधारात मोबाईल उघडला की डोळ्यांची अर्ध्या तासाची कमाई गेली. स्क्रीन लाल केली तरी मधेच एखादा मेसेज झळकतोच. मी तिथे कागद वापरतो आणि दुसऱ्या दिवशी शीटमध्ये उतरवतो. उतरवताना मूळ कागद फेकत नाही, कारण उतरवण्यात आकडे उलटसुलट होतात आणि पडताळायला मूळ लागतं.

आणखी एक, समूहात बघणाऱ्यांसाठी. मुंबईकडच्यांना वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम माहीत असतील. अशा ठिकाणी एकाने 'अरे, आज तो 2.8 वाटतोय' म्हटलं की सगळ्यांच्या नोंदीत 2.8 येतं. आपापला आकडा आधी लिहा, मग बोला. दोघांचे आकडे तीन दशांशांनी वेगळे आले तर ते तसेच राहू द्या, मांडवली करून मधला आकडा लिहू नका. प्रत्येकाच्या डोळ्याचा कल थोडा वेगळा असतो आणि आकडे वापरणाऱ्यांना तो हिशेबात धरता येतो.

दापोलीकर | रवि, दुपारी 1.40

उल्कांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. आमच्याकडे समुद्राच्या बाजूला अजून चांगला अंधार आहे. ऑगस्टचा ययाती तारकासमूहाचा उल्कावर्षाव कोकणात ढगांनी जातो, त्यामुळे आमचा भरवसा डिसेंबरच्या मिथुन वर्षावावर. 13-14 च्या रात्री उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना वाटतात ती जागा, मिथुनेतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ असतो, रात्री नऊपर्यंत चांगला वर येतो आणि पहाटेपर्यंत असतो.

'रात्रभरात शंभर पाहिल्या' ही नोंद नव्हे. पाठीवर पडून आकाशाचा एक भाग निवडायचा आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे करायचे. प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवटची वेळ, ढगांनी किती टक्के आकाश झाकलं, सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा, आणि चहासाठी उठलात तर तेवढी मिनिटं वजा. उल्का दिसली की ती उगमबिंदूकडून आली की भलतीकडून, आणि साधारण प्रत. भलतीकडच्या वेगळ्या मोजायच्या. मी हे सगळं व्हॉइस रेकॉर्डरवर बोलतो, कारण लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात एखादी निसटते.

ज्या टप्प्यात काहीच दिसलं नाही तिथे शून्य लिहायचं. हे शून्य गाळलं की तासाचा दर उगाच वाढतो. शेवटी जो प्रमाणित ताशी दर काढतात, त्यात आकाशाची मर्यादा 6.5 प्रत आणि उगमबिंदू खमध्यावर असं धरून तुमचा आकडा वाढवलेला असतो. म्हणजे तुमच्या गावचं आकाश 5.5 चं आहे हे लिहिलंच नसेल तर तुमची मोजणी कोणालाही वापरता येणार नाही. ताईंनी महाश्वाबद्दल जे लिहिलंय ते म्हणूनच कळीचं. मिथुन वर्षावाच्या वेळी महाश्व मावळतीला लागतो. तेव्हा मिथुन आणि सारथी तारकासमूहांमधले तारे वापरावेत.

वैनगंगा | रवि, दुपारी 4.30

हौशी निरीक्षकाच्या नोंदींचं काय होतं, याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण आपल्या उपखंडातलंच आहे. राधागोविंद चंद्र. जेसोरचे, म्हणजे आताच्या बांगलादेशातले. मॅट्रिक झालेले नव्हते, सरकारी खजिन्यात नोकरी. 1910 चा हॅले धूमकेतू त्यांनी पाहिला, पुढे विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागवली. जून 1918 मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा, म्हणजे एकाएकी तेजस्वी होणारा तारा, उजळला, तो त्यांनी स्वतंत्रपणे टिपला. त्यानंतर अमेरिकेतल्या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेशी, म्हणजे एएव्हीएसओशी, त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ही संघटना 1911 मध्ये स्थापन झालेली. त्यांची कामाची चिकाटी बघून तिकडून सहा इंची दुर्बीण त्यांच्यासाठी बोटीने आली.

दिवसा खजिन्याचे हिशेब, रात्री ताऱ्यांचे. 1954 पर्यंत त्यांनी 37 हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. मधल्या काळात फाळणी झाली, घर सोडावं लागलं, ते कोलकात्याजवळ बारासातला आले. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. जेसोरच्या अंगणातून केलेले ते आकडे एएव्हीएसओच्या संग्रहात आजही इतरांच्या आकड्यांशेजारी आहेत. पदवी नाही, वेधशाळा नाही, तरी त्यांचा शब्द चालला, कारण प्रत्येक आकड्यामागे वेळ आणि तुलनेचे तारे लिहिलेले होते.

सारथी | रवि, सायं 6.10

वैनगंगा, हे माहीत नव्हतं. फार मोठं काम. मुद्दा मान्य. कागदावरचं माझं मत अजून तेच आहे, पण तुलनेचे तारे माझ्या शीटमध्ये रकान्यातच नव्हते, ते आता घालतो.

शलाका_ना | रवि, रात्री 8.25

मी चित्रं काढते, दुर्बिणीतून. चंद्राची विवरं, मृगातली अभ्रिका (वायू आणि धुळीचा ढग), तारकागुच्छ. 'मला चित्र काढता येत नाही' म्हणून बरेच जण मागे सरतात. इथे चित्रकलेचा प्रश्नच नाही. एक वर्तुळ काढा, ते तुमचं दृश्यक्षेत्र. आधी ठळक तारे टिंबांनी नीट अंतरावर मांडा, मग त्यांच्या आधाराने पुसट भाग. हाताला काम लागलं की डोळा तिथे थांबतो, आणि थांबला की दिसायला लागतं. मृगाच्या अभ्रिकेत पहिल्या नजरेला धुक्याचा ठिपका दिसतो; पंधरा मिनिटं काढत बसलात की पंखांसारखे दोन फाटे आणि मधली काळी खाच दिसते.

चित्रावर दिशा हवीच. दुर्बिणीच्या प्रकाराप्रमाणे चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं दिसतं, म्हणून अंदाजाने लिहू नका. दुर्बीण हलवायची थांबवा. तारा ज्या बाजूने दृश्यक्षेत्राबाहेर जातो ती पश्चिम. मग दुर्बिणीचं तोंड हळूच ध्रुवाकडे सरकवा. नवे तारे ज्या बाजूने आत येतात ती उत्तर. नेत्रिका (दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग) कोणती आणि किती पट मोठं दिसत होतं, तेही कोपऱ्यात लिहा.

नगरपेठ | सोम, सकाळी 7.50

माझं दुकान आहे, पहाटे लवकर उघडावं लागतं, त्यामुळे रात्रीचं जागरण जमत नाही. मी सूर्य बघतो. चार इंची दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडायची आणि डाग पेन्सिलने उतरवायचे. नेत्रिकेला डोळा कधीही लावायचा नाही, शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवायचं, आणि आसपास लहान मुलं असतील तर दुर्बीण एकटी सोडून आत जायचं नाही.

मोजणी सोपी आहे. डागांचे समूह किती ते मोजा, त्याला दहाने गुणा, त्यात सुट्या डागांची एकूण संख्या मिळवा. तीन समूह आणि मिळून अकरा डाग, तर 41. जर्मनीत देसाऊ गावात हाइनरिक श्वाबे हा औषधविक्रेता होता. बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल, तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, या आशेने 1826 पासून त्याने दर निरभ्र दिवशी डागांची नोंद ठेवली. ग्रह मिळाला नाही. 1843 मध्ये त्याच नोंदींतून त्याने मांडलं की डाग सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढतात आणि ओसरतात. आज आपण अकरा वर्षांचं चक्र म्हणतो ते हेच. शोधत होता एक, हाती लागलं दुसरंच, कारण डाग नसलेले दिवससुद्धा त्याने लिहून ठेवले होते.

मुग्धा_के | सोम, दुपारी 12.35

नगरपेठ, दुपारची वेळ आणि गॅलरीतला दक्षिणेचा तुकडा, हे तर माझ्यासाठीच आहे! एक शंका सगळ्यांना: पावसाळ्याचे चार महिने काय करता? वही रिकामी?

खमध्य | सोम, दुपारी 2.15

रिकामी नाही. आभाळ असेल तर 'ढग' एवढंच लिहितो. पुढे आलेखात मोकळी जागा आली की ती आळसाची की आभाळाची, हे कळतं. आणि पावसाळ्यात मधेच तासभर आकाश उघडतं, ती नोंद सोन्याची. युरोप-अमेरिकेत तेव्हा दिवस असतो किंवा तारा त्यांच्या क्षितिजाखाली असतो. आपल्या रेखांशावरून बघणारे कमी, त्यामुळे त्या वेळेची जागा आपणच भरू शकतो.

उत्तररात्र | सोम, रात्री 9.30

खमध्य यांच्या मुद्द्याला जोडून उत्तर मुकुट तारकासमूहातला टी हा तारा. तो एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असतो, म्हणजे माझ्या बायनॉक्युलरच्या जेमतेम टोकाशी. 1866 आणि 1946 मध्ये तो भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचला होता, आणि आता पुन्हा भडकेल म्हणून जगभर लक्ष ठेवलं जातंय. 1946 च्या आधी वर्षभर तो थोडा मंदावला होता, हे जुन्या निरीक्षकांच्या नोंदींतूनच समजलं. तो दिसला नाही तर 'दिसला नाही' लिहून थांबू नका. त्या भागात तुम्हाला दिसलेला सर्वांत मंद तारा 8.5 चा असेल तर '8.5 पेक्षा मंद' लिहा. स्फोट नेमका कधी सुरू झाला हे ठरवायला त्या आदल्या रात्रीच्या नोंदी लागतील.

कृत्तिकापुत्र | सोम, रात्री 11.05

नमस्कार, मी अकरावीत आहे, संगमनेरजवळ राहतो. धागा वाचून आज पहिली नोंद केली. कोणी तपासून द्याल का?

'ययातीतला अल्गॉल. रात्री 10.20. नुसते डोळे. आकाश स्वच्छ, चंद्र नाही. देवयानीतल्या आलमाकपेक्षा मंद, ययातीतल्या एप्सिलॉनपेक्षा तेजस्वी. मधोमध वाटला. 2.5.'

उत्तररात्र | सोम, रात्री 11.32

शाबास! आलमाक 2.1, एप्सिलॉन 2.9, मधोमध म्हणजे 2.5, हिशेब बरोबर. तीन गोष्टी जोड: जोड-तारीख, जागतिक वेळ (16.50) आणि महाश्वाच्या चौकोनात आत किती तारे दिसले.

आता महत्त्वाचं. अल्गॉल एरवी 2.1 असतो. तुला 2.5 दिसला म्हणजे बहुधा त्याचं ग्रहण चालू आहे. ही दोन ताऱ्यांची जोडी आहे; मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो तेव्हा तेज 3.4 पर्यंत उतरतं आणि सगळा प्रकार दहाएक तास चालतो. आत्ता उतरतोय की चढतोय हे एका नोंदीवरून सांगता येणार नाही. झोप आली नसेल तर दर अर्ध्या तासाने एक अंदाज घे, पण मागचा आकडा न बघता. प्रत्येक नोंद वेगळ्या पानावर कर. मंद झाला तर तुलनेला एप्सिलॉन आणि काप्पा (3.8) घे.

कृत्तिकापुत्र | मंगळ, रात्री 12.58

10.50 ला 2.7. 11.20 ला 2.8. 11.50 ला एप्सिलॉनपेक्षा थोडा मंद, 3.0. 12.20 ला 3.2. 12.50 ला 3.3. उतरतोय!

उत्तररात्र | मंगळ, रात्री 1.06

उतरतोयच. दोनपर्यंत जागता आलं तर बघ, कुठे थांबतो आणि चढायला कधी लागतो. किमान तेजाची वेळ मिळाली की तिच्यात 2 दिवस 20 तास 49 मिनिटं मिळव, समजा 1.15 आली, तर पुढचं किमान परवा, गुरुवारी रात्री 10.04 च्या सुमारास. त्या वेळी ययाती डोक्यावरच असेल. मुग्धा, ठाण्याहून तूही त्या रात्री आठपासून बघ, गच्चीवर जाता आलं तर. आकडे इथे टाकण्याआधी दोघांनी एकमेकांचे बघू नका.